तिसरा नट

कोलबाडात, मिस्किटांच्या घरामागे, पत्र्याखाली
मॉरिस उभी असते रस्त्याकडे पाठ करून,
आणि पाठीवर चाक.

एव्हलिनबाई म्हणाल्या, शेलार, तुम्ही एसटीत होता ना,
मग हे एवढं काढून द्या.
बेसिल गेल्यापासून कुणी हात लावला नाही.

एसटीत होतो खरा, खोपट डेपोत,
पण पहिली अकरा वर्षं बदलीवर.
कुणाला ताप आला, कुणाच्या घरी मयत झालं
की माझं नाव फळ्यावर.
नाहीतर बाकावर. डबा मांडीवर, खाकीची इस्त्री मोडू न देता.
हे बाईंना सांगितलं नाही.

तीन नट होते.
पहिला सुटला, जणू वाटच बघत होता.
दुसरा कुरकुरला, पण आला.
तिसऱ्यासाठी पान्याला पाइप लावला, अंग टाकलं,
तर मॉरिसच हलली स्प्रिंगांवर,
म्हातारीला झोपेत हलवावं तशी.
नट जागेवर.

इथे जोर करायचा नसतो.
जोर केला की आटे जातात, आटे गेले की बोल्ट जातो,
आणि या मापाचा बोल्ट आता कुर्ल्याच्या भंगारातही नाही.
रॉकेल हल्ली कुठलं? डिझेल घेतलं, त्यात थोडं गिअर ऑइल,
चिंधी भिजवून नटाला बांधली.
उद्या येतो म्हणालो.
आज काय झालं?
आज मुरू दे त्याला.

दुसऱ्या दिवशी आधी आवळला. हो, आवळला.
केसभर पुढे, मग केसभर मागे.
अडकलेल्याला आधी त्याच्याच बाजूने थोडं जाऊ द्यावं.
टक् वाजलं.
बाई दारातून म्हणाल्या, मोडलं?
सुटलं.

चाक गुडघ्यावर घ्यायचं, कमरेवर नाही.
मागे गंजाची कोर, आणि कुंभारणीची तीन मातीची घरं,
रिकामी.
टायरच्या नक्षीवर रबराचे केस अजून तसेच,
कारखान्यातून आले तसे. मैलभरही चाललं नव्हतं.
पण उन्हाकडच्या बगलेला भेगा,
नख आत जाईल एवढ्या.
न चालताच झिजलं कसं, बाईंना कळेना.
मी म्हटलं, बाकावर बसूनही माणूस रिटायर होतो.

व्हॉल्व्हची टोपी काढली, काडीने पिन जरा दाबली.
चार पौंड हवा उरली होती,
बेसिलनेच भरलेली असणार, पायपंपाने.
बाई वाकल्या. रबर, म्हणाल्या, आणि थोडी पावडर.
मग म्हणाल्या, सगळी सोडू नका.

ट्यूब काढायची तर सगळी सोडावी लागते.
त्या चहा टाकायला आत गेल्या
तेव्हा सोडली.

पुढचं नेहमीचं काम. तारेचा ब्रश,
रेड ऑक्साइडचे दोन हात, ट्यूबला संगजिऱ्याची भुकटी.
नवा टायर वागळे इस्टेटातल्या एकाने मागवून दिला,
महिना लावला, पैसे आधी घेतले.
चाक आणि पत्रा घासू नये म्हणून मध्ये
माझ्याच जुन्या चपलेची चकती.
हवा चार पौंड जास्तच.
रस्त्यात काढता येते, भरता येत नाही.

आणि दर सहा महिन्यांनी त्याला खाली उतरवायचं,
पुढे डावीकडे लावायचं, चालवायचं.
बाईंच्या चर्चच्या कॅलेंडरवर
दोन सणांच्या मधल्या रिकाम्या चौकोनात
तारीख घालून दिली.

आटे ग्रीसने माखले. पहिला, दुसरा.
तिसरा आवळताना हात थांबवला.
अजून एक आटा? बाई म्हणाल्या.
नको.
गायमुखच्या चढावर, अंधारात,
कधीतरी कुणीतरी हा उघडेल.
एकटं असेल. पान्याला पाइप नसेल.
त्याच्या मनगटाला जेवढा सुटेल
तेवढाच.